तेवीस पुस्तकं आणि भागीबाईचा ‘का’

भागीबाईला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी तोंडावर हात ठेवून नवल करायला नको. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये ती बावीस वर्षं द्राक्षांचं ग्रेडिंग करते. डोक्याला टोपी, उजव्या हातात कात्री, डाव्या हातात मण्यांची जाडी बघायची प्लास्टिकची रिंग. मणी रिंगेतून आरपार गेला तर बारीक, तो बेदाण्याला; अडला तर एक्स्पोर्टचा. आता तिला नुसत्या नजरेनं कळतं, तरी ती रिंग लावतेच. “डोळा येखादे दिशी फसतो, रिंग नाय,” म्हणते.

हीच भागीबाई दर रविवारी आमच्याबरोबर मोहीम खेळते.

मोहीम म्हणजे टेबलावर बसून खेळायचा गोष्टीचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करणार ते बोलतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. खेळ परदेशी, पुस्तकं इंग्रजी, ‘मोहीम’ हे नाव आमचं. गोष्ट सांगते साधनाताई, त्याच पॅकहाउसची सुपरवायझर. तिचा मुलगा मयुरेश शिकायला परदेशी गेला आणि ही पुस्तकं घरी टाकून गेला. हिनं रद्दीत देण्याऐवजी ती वाचून काढली. हंगाम संपल्यावर रिकाम्या शेडमध्ये पहिल्यांदा डाव मांडला, तेव्हा समोर बसायला तयार झाली ती एकटी भागीबाई. मग दातांची डॉक्टर हर्षाली आली, शेवटी मी. मी गोविंद, मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर. नऊ वर्षं झाली. भागीबाईचं पात्र तुळसा, डोंगरातली वाटाडी. तिनं आम्हाला इतक्या वेळा मरणातून ओढून काढलंय की मी मोजणं सोडून दिलं.

खरी भानगड पुस्तकांची. या खेळाच्या कंपनीला दर पाच-सहा वर्षांनी साक्षात्कार होतो की आधीचं सगळं चुकलं. मग नवी आवृत्ती. दोरखंडाच्या पुलाचंच घ्या. पहिलं लाल पुस्तक, चौसष्ट पानांचं: एक फासा टाका आणि देवाचं नाव घ्या. निळ्यात सोबत्यानं हात दिला तर दोन फासे, त्यातला चांगला धरायचा. काळ्यात पाठीवरचं वजन, वाऱ्याचा जोर, दोरीचं वय, सगळं आलं. पूल ओलांडेपर्यंत चहा गार. हिरव्यात कुणी पडतच नाही, मग पूल तरी कशाला बांधला? वर प्रत्येक पुस्तकाच्या पुरवण्या. साधनाताईच्या कपाटात तेवीस पुस्तकं झाली आणि आम्ही खेळण्यापेक्षा भांडायला लागलो.

तेव्हा साधनाताईनं नियमांचंही ग्रेडिंग काढलं. नियम मराठीत, मोठ्यानं, एकदाच वाचायचा. भागीबाई विचारणार, “का?” उत्तर देता आलं तर नियम राहिला. नाही आलं तर तो बेदाण्याला. असं करत तेवीस पुस्तकांची एक चाळीस पानी वही झाली. वही आम्हाला लागायची. भागीबाईला नाही. तिला ठेवलेले नियम पाठ होते आणि काढून टाकलेलेही, रंगासकट.

या वर्षी पांढरं पुस्तक आलं, पाचवी आवृत्ती. आमच्यात पहिल्यांदा ते मी विकत घेतलं, हे कबूल करतो. रेल्वेत नवं परिपत्रक आलं की जुनं रद्द, त्यावर चर्चा नसते. जन्म त्यातच गेला. मला तेच बरोबर वाटायचं.

चौघं झाल्यापासून आम्ही नाशकात कॉलेज रोडच्या एका कॅफेत बसायचो. तिथला रविवारचा क्लब रुद्र चालवतो. पोरगा वाईट नाही, मऊ बोलतो. त्या दिवशी त्यानं सगळ्यांपुढे बारा-बारा पानांचे फॉर्म ठेवले. म्हणाला, “आता फक्त पाचवी आवृत्ती. प्रत्येकानं आपल्या पात्राचा फॉर्म स्वतः भरायचा आणि स्वतः वाचून खेळायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी बघायला बसलं तरी चालेल.”

ज्यांना म्हणजे कुणाला, हे आम्हा सगळ्यांना कळलं. भागीबाईलाही. मग त्यालाच कसंतरी झालं असावं. तो वाकून म्हणाला, “आजी, तुमचा फॉर्म मी भरतो. तुम्ही इथे फक्त अंगठा लावा, आणि यांच्या शेजारी बसून बघा.”

भागीबाईनं फॉर्म दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवला.

“अंगठा मी रेशनला लावते. हितं मी तुळसा हाय.”

“पण आजी, नियम आहे.”

“का?”

रुद्रनं माझ्याकडे पाहिलं. पांढरं पुस्तक माझ्या हातात होतं ना. मीही शहाण्यासारखं तोंड उघडलं आणि म्हणालो, “पुस्तकात लिहिलंय म्हणून.”

बोललो आणि लाज वाटली. जिनं मला नऊ वर्षं खांद्यावर वाहिलं, तिला मी परिपत्रक दाखवत होतो.

भागीबाई चिडली नाही. “बरं. लाल पुस्तकात पुलाला येक फासा. निळ्यात दोन. काळ्यात वजन मोजायचं, ते आपुन काढलं. हिरव्यात कोण पडतच नाय, तेबी काढलं. आता पांढऱ्यात काय हाय ते वाचा गोविंदभाऊ. मोठ्यानं.”

मी वाचायला लागलो. दोन पानं पुलाची. मध्येच एक तक्ता, त्यातून दुसऱ्या पानावर, तिथून मागच्या पुरवणीत. तिसऱ्या “का?”ला मी पानं मागे-पुढे उलटायला लागलो. शेजारच्या टेबलावरचे खेळ थांबवून ऐकत होते. रुद्र म्हणाला, “अहो, हे असं वाचायचं नसतंच.”

“मग कसं?” साधनाताई म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिनं फासे पिशवीत भरले. “उठा सगळे.”

आम्ही उठलो.

पुढच्या रविवारी पॅकहाउसच्या शेडमध्ये जमलो. हंगाम सरलेला, स्टीलची लांब टेबलं धुऊन ठेवलेली. मी पांढरं पुस्तक घेऊन गेलो होतो, सगळ्यांसमोर बेदाण्याच्या क्रेटमध्ये टाकायला. तेवढंच प्रायश्चित्त. भागीबाईनं हात आडवा घातला.

“न वाचता फेकायचं? मंग आपल्यात आन् त्यांच्यात काय फरक?”

चार रविवार मी वाचत होतो. तीनशे चौऱ्याऐंशी पानांतून एक नियम रिंगेत अडला. कुणाला खांद्यावर घेऊन चालताना तुमचा तोल गेला, तर खांद्यावरच्यानं तुमच्यासाठी फासा टाकायचा. भागीबाईनं या वेळी “का?” विचारलं नाही. म्हणाली, “ह्यो ऱ्हाऊ द्या. ह्यो कुणीतरी खेळून लिव्हलाय.”

साधनाताई तो वहीत उतरवत होती, तेवढ्यात तिच्या फोनवर रुद्रचा निरोप आला. क्लब सुना वाटतो, परत या. आजींना खास पाहुण्या म्हणून खुर्ची देऊ, फॉर्म नको. साधनाताईनं वाचून दाखवलं आणि विचारलं, “काय कळवू, मावशी?”

भागीबाईनं फासे हातात खुळखुळवले.

“पाव्हनी कशापायी? त्यालाच म्हणावं हितं ये. वाचता येतं ना त्याला? मंग बसंल माझ्या शेजारी आन् वाचंल मोठ्यानं.”