सासूबाईंचा एअर फ्रायर

माझ्या सासूबाई आंधळ्या होत्या.

"कमी दिसतं" असं कोणाला सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. "आंधळी हाय मी, सरळ सांग न," म्हणायच्या.

आज आईंना जाऊन एक वर्ष झालं.

काचबिंदूनं नजर हळूहळू गेली. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. तरी गॅसपाशी उभ्या राहायच्या.
एक दिवस पदरानं पेट घेतला. मी बाजूलाच होते, बादली ओतली, निभावलं.

त्या दिवसापासून माझ्या नवऱ्यानं, संजयनं, त्यांना स्वयंपाक करायला मनाई केली. तो लाइनमन आहे. भाजलेली माणसं त्यानं जवळून पाहिली आहेत. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

पण आई खुर्चीत बसून राहायला लागल्या. बोलणं कमी झालं, मग जेवण.

एकदा ताट सरकवून म्हणाल्या, "नुसती बसून खाऊन राहिली मी. सामान झाली घरातली."

एअर फ्रायर आणला तो माझ्यासाठी. मी शिक्षिका, माझी सकाळची शाळा, लेकीचा, समूचा डबा, सगळी धावपळ. त्यात बटाटे टाकायचे, डायल फिरवायचा आणि आंघोळीला पळायचं.

त्याची टिकटिक ऐकून आई भिंत धरत आल्या.
"हे का वाजून राहिलं?"
मी सांगितलं.
"याच्यात जाळ नाही?"
"नाही आई."
"मंग मले कायले नाही?"

संजय म्हणाला, "करंट हाय त्याच्यात. नाही म्हणजे नाही."

तरी रोज मी फ्रायर लावला की आई बाजूला येऊन उभ्या राहायच्या. डायलवरून बोटं फिरवायच्या. मी त्याच्यावर खड्यांच्या टिकल्या चिकटवल्या, बोटाला लागतील अशा. एक टिकली वांग्याची, दोन बटाट्याच्या, तीन मासळीच्या.

मला वाटलं, जीव रमतोय त्यांचा.
त्या शिकत होत्या.

मग मला टायफॉइड झाला.

वादळानं देवरीकडच्या लाइनी पडल्या होत्या, संजय तिकडे. मी तापात. समू शाळेतून आली तेव्हा घरात शिजवलेलं काहीच नव्हतं. मला उठून बसताही येईना.

पडल्या पडल्या मला टिकटिक ऐकू आली.

कशीबशी दारापर्यंत गेले. आणि तिथेच चौकट धरून उभी राहिले.

आईंनी पदर खोचला होता. दोन वांगी तेल लावून, टोचे मारून आत गेली होती. लसूण सोलून झाला होता. त्या फ्रायरकडे कान करून उभ्या होत्या.
"पाणी सुटलं," स्वतःशीच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आता कातडं फुटलं."

घंटी व्हायच्या आधीच त्यांनी मूठ धरून भांडं ओढलं. तळहात वर धरला, न टेकवता. वाफ कुठून येते ते हातानं पाहिलं. थांबल्या. मग चिमट्यानं वांगी ताटात, आणि कोमट झाल्यावर सोलणं. जळका एक कण राहिला नाही. भरितावरून बोटं फिरवून त्यांनी दोनदा खात्री केली.

मी आवाज केला नव्हता.
"उभी काऊन राहिली? चक्कर येईल. जा, ताट आणून देतो तुले."

तापात तोंडाला चव नव्हती. तरी मला त्या भरिताची चव अजून आठवते.
समूनं बोटं चाटली.

माझा ताप उतरल्यावर संजय परतला. समूनं सगळ्यात आधी तेच सांगितलं. त्यानं प्लग काढला आणि फ्रायर माळ्यावर ठेवायला उचलला.

"काही झालं असतं म्हणजे?"
आई शांत होत्या. "जळते तर हात माझे जळते. तू कायले घाबरून राहिला?"
"तुझ्यासाठीच घाबरतो न, माय."
"मले माहीत हाय. ठेव खाली. अन बस इथं, पाहा."

तो बसला. बहुतेक आईंना हरताना पाहायलाच.

मी सकाळी लाखोरीची डाळ वाटून ठेवली होती. आईंनी तळहातावर वडे थापले, सगळे एका मापाचे. तेलाचा हात फिरवला. मांडताना आधीच्या वड्याची कड करंगळीनं शोधून पुढचा ठेवायच्या. टिकली चाचपली, डायल फिरवला. मध्ये उघडून एकेक वडा उलटला. एकही तुटला नाही.

संजयनं वडा खाल्ला. उठून बाहेर गेला.

मला वाटलं, रागावला.

तो पाना, पेचकस आणि वायरची गुंडाळी घेऊन आला. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड काढून आईंच्या हाताला येईल एवढा खाली बसवला. अर्थिंग तपासली. मग त्यांचा हात धरून बटणावर ठेवला.
"हा चालू. हा बंद."
"समजलं," आई म्हणाल्या.

त्यानंतर संध्याकाळचं जेवण त्यांचं. पहिल्यांदा मासळी केली ती पार वाळून गेली, आम्ही हसलो, त्याही हसल्या. नंतर चोरखमाऱ्याहून नातेवाईक मरळ घेऊन आले की सरळ आईंच्याच हातात पिशवी द्यायचे.
फुलचूरच्या आमच्या गल्लीतल्या बाया नुसत्या बघायला यायच्या.

शेवटपर्यंत त्या करत राहिल्या. गेल्या त्या झोपेतच, कोणाला त्रास न देता.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "आई, न दिसता तुम्हाला भीती नाही वाटत?"

म्हणाल्या, "धानाच्या रोवण्याच्या वेळेला चिखलात हात घातला, तर आत कोणाले दिसते? तरी रोप उभंच राहते न."

आई, तुमच्या हातांना आम्हा तिघांचं वंदन.
जय भीम.