कॅप्टन आणि वाडीच्या चपला

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मग सांगतो. तसे तुम्ही हसणारच, कारण आमच्या वाडीत अजून मी दुकानात साखर आणायला गेलो तरी माणसं आधी स्वतःच्या पायांकडे बघतात. का बघतात? तेच तर सांगतोय. चहा ओता.

मी जहाजावर बोसन आहे. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमच्या कामाला आवाज लागतो. वारा, इंजिन, लाटा, सगळ्यांच्या वर ओरडून माणसांकडून दोर ओढवून घ्यायचे असतात. त्यामुळे घरी मी ‘भात वाढ’ म्हटलं तरी शेजारच्या चार घरांना कळतं की बोसन जेवायला बसला. असल्या माणसाने कुत्र्याच्या पिल्लाला हळुवारपणे शिकवायला घेतलं. इथेच खरं तर सगळं आलं.

पिल्लू गोल्डन रिट्रीवर. नाव ठेवलं कॅप्टन. आयुष्यभर कॅप्टन ‘बस’ म्हणाला की मी बसलो. आता मी ‘बस’ म्हणणार आणि कॅप्टन बसणार, एवढाच त्यामागचा थोर विचार.

शुभांगीने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी पिल्लाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तिथल्या तिथे अट घातली. ती नोकरीला जाते, सकाळची बस धरते ती संध्याकाळी येते.

“तुम्ही सुट्टी संपली की जाल जहाजावर. मागे मी नि हा. तोवर ह्याला वळण लागलं तर ठेवीन. नाय लागलं तर सावर्ड्याला दादाकडे.”

सावर्ड्याला मेहुण्याची पोल्ट्री आहे. तिथे कुत्रा म्हणजे खांब, साखळी आणि जन्मभर कोंबड्यांचा वास. पिल्लू तेव्हा माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपलं होतं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. म्हटलं, काय वाट्टेल ते होऊ दे, हा सावर्ड्याला जाता कामा नये.

मग फोनवरच्या व्हिडिओत एक बाई सापडली. कुत्री शिकवणारी. काय गोड आवाज! तिचं म्हणणं असं, की मारायचं नाही, ओरडायचं नाही, मान ओढायची नाही. चांगलं वागला की लगेच कौतुक आणि लगेच खाऊ. वाईट वागला तर लक्षच द्यायचं नाही. आणि रिट्रीवर म्हणजे आणून देणारी जात, तेव्हा तो तोंडात धरून जे काही आणील ते हसत घ्यायचं. हिसकावायचं नाही, नाहीतर तो वस्तू लपवायला शिकतो. त्याच्या हातात, म्हणजे तोंडात, बदल्यात काहीतरी द्यायचं.

खाऊ म्हणून ती बाई उकडलेली कोंबडी सांगत होती. ती पडली शहरातली. आमच्या घरात मडकं भरून सुके बोंबील असताना मी कोंबडी कशाला उकडू? बोंबलाचे बारीक तुकडे केले आणि पँटच्या खिशात भरले. कॅप्टनचे डोळे असे लकाकले की विचारू नका. ‘कॅप्टन’ म्हटलं, बघितलंन, तुकडा. ‘बस’ म्हटलं, बसला, तुकडा. मी बाईसारखा बारीक आवाज काढून “छान रे बाळा” म्हणायला लागलो. कुंपणापलीकडून माईंनी, त्या आमच्या शेजारीण, शुभांगीला विचारलंनी की घरात पाहुणी कोण आलीय.

फक्त आणून देणं काही जमेना. चेंडू फेकला की कॅप्टन चेंडूकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, जणू म्हणतोय, फेकलात तुम्ही, आणा तुम्हीच. म्हणून एक दिवस त्याला गाडीत घालून आरे-वारेच्या किनार्‍यावर नेला. वाळू, मोकळं रान, म्हटलं इथे तरी धावेल. चेंडू फेकला. कॅप्टन सुटला! चेंडूवरून उडी मारून पुढे गेला, पर्यटकांनी पाण्यात शिरताना काढून ठेवलेल्या चपलांतली एक उचललीन आणि शेपूट हलवत सरळ माझ्यापुढे आणून ठेवलीन.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पण मी बापाच्या आनंदात होतो हो! पोरगं पहिल्यांदा काहीतरी घेऊन आलं होतं! मी वाळूत गुडघ्यावर बसलो, त्याला मिठी मारली, आणि खिशातले होते नव्हते तेवढे बोंबील एका दमात त्याच्यापुढे ओतले.

झालं. त्या क्षणी कॅप्टनच्या डोक्यात एक गोष्ट कायमची पक्की झाली. चेंडूला काही मिळत नाही. चपलेला खजिना मिळतो.

दुसर्‍या दिवशी दुपारी अंगणात माईंची चप्पल आली. मी घेतली, हसलो, तुकडा दिला. काय करणार? न देता घ्यायला गेलो की तो दातांत घट्ट धरायचा, आणि चप्पल फाटली तर माई मला फाडणार. तुकडा दिला की तोंड उघडायचा. ही चक्क खंडणी होती, आणि ती देऊन देऊन मीच त्याचा धंदा वाढवत होतो, हे आज कळतंय. तेव्हा मला वाटायचं, काय प्रगती आहे!

मग रोजच सुरू झालं. कोकणात दारात चपला काढूनच माणूस आत जातो, त्यामुळे कॅप्टनला वाडी म्हणजे उघडं दुकान. आणि आणायचा ती जोडीतली एकच. शुभांगी यायच्या आत मी त्या माडाच्या झावळ्यांखाली लपवायचो आणि पहाटे ज्याच्या त्याच्या दारात ठेवून यायचो. पण सगळ्यांच्या चपला त्याच बाजारातल्या, त्याच निळ्या पट्ट्यांच्या. कुणाची कुठली हे अंधुक उजेडात मला काय कळणार? एकाकडे दोन डाव्या गेल्या, दुसर्‍याकडे दोन उजव्या.

वाडीत कुजबूज सुरू झाली. वाडीचे मानकरी नाना मयेकर आपली चप्पल घेऊन पारावर बसले. तिचा तळ झिजलेला, पट्ट्यावर खुणा आणि वाळू चिकटलेली.

“कोणतरी घालून फिरलाय,” नाना म्हणाले. “आणि फिरून झाल्यावर परत आणून ठेवलीन. चोर असता तर परत कशाला दिली असतीन?”

आमच्याकडे वाडीची राखण करणारा देव आहे, राखणदार. पहाटेच्या आधी तो वाडीला फेरी मारतो असं सगळे मानतात. तेव्हा पारावर निष्कर्ष निघायला वेळ लागला नाही. देवाची पायताणं झिजलीत, म्हणून तो लोकांची वापरतोय. कुणीतरी विचारलं, पण एकाच पायात का? नाना म्हणाले, देवाला हिशेब विचारू नये.

मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. पण कॅप्टनचं नाव घेतलं तर ते संध्याकाळपर्यंत शुभांगीच्या कानावर जाणार आणि रविवारी तो सावर्ड्याच्या गाडीत बसणार. म्हणून मी, जहाजावर पंचवीस माणसांना दम भरणारा बोसन, हळूच म्हणालो, “मला पण पहाटेला पावलांचा आवाज आला होता.”

आवाज खराच होता. माझ्याच पावलांचा होता, पण ते कुणी विचारलं नाही.

झालं, मी साक्षीदार ठरलो! संध्याकाळी देवळात गार्‍हाणं घालायचं ठरलं आणि साक्षीदार म्हणून मला अगदी पुढे, देवासमोर बसवलं. शुभांगी बायकांत बसली होती, हातात नारळ. कॅप्टनला मी पडवीत कोंडून कडी लावून आलो होतो. अख्खी वाडी आलेली, आणि अख्ख्या वाडीच्या चपला देवळाच्या पायर्‍यांवर. तेवढं दृश्य बघून मला पडवीतला कॅप्टन आठवला. पण कडी लावलीय, म्हटलं, काळजी नाही.

गुरवकाकांनी हात जोडले आणि सुरू केलं, “बा देवा राखणदारा, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत...”

“होय म्हाराजा!” सगळी वाडी.

“तुझ्या पायताणात काय कमीजास्त झाला असेल, तर ही लेकरं ती भरून देतील...”

“होय म्हाराजा!” माझा आवाज सगळ्यांत मोठा. सवयीने.

“आणि ह्या चपलांच्या मागे दुसरा कोण असेल, तर त्याला आज हितंच सगळ्यांसमोर उभा कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

आणि दारातून कॅप्टन आत आला.

कडीचं काय केलंन ते तोच जाणे. माझा आवाज ऐकून आला असणार, दुसरं काय? तोंडात नानांची चप्पल. माणसं बाजूला झाली, तो मधून चालत आला, माझ्यासमोर नीट बसला, पाठ ताठ, शिकवल्याप्रमाणे. चप्पल माझ्या मांडीवर ठेवलीन आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

अख्खी वाडी माना वळवून बघत होती. आणि मी? मी काय केलं असेल? अहो, हात आपोआप खिशात गेला! देवासमोर, नारळ-उदबत्त्यांच्या मधोमध, मी सुक्या बोंबलाचा तुकडा काढला, कॅप्टनला दिला आणि बारीक आवाजात म्हणालो, “छान रे बाळा.”

तो खूश होऊन बाहेर पळाला आणि गुरवकाकांची घेऊन आला. मग माईंची. मग शुभांगीची, नवीन घेतलेली. त्याला थांबवायचं कुणाला सुचेना, आणि मला तर सुचतच नव्हतं.

शेवटी नाना उठले. त्यांनी आपली चप्पल माझ्या मांडीवरून उचलली, उलटी करून बघितली आणि देवाला नमस्कार केला.

“इतक्या वर्षांत एवढ्या लवकर गार्‍हाणं कधी पावला नव्हता,” ते म्हणाले. त्यानंतर जे हसू फुटलं ते पार खाडीपलीकडे गेलं असेल. बोंबील आत आणल्याबद्दल मला देऊळ धुवायला लावलं आणि राखणदाराला नव्या पायताणांचा जोड माझ्याकडून ठरला. तो मी मुकाट्याने दिला.

घरी येताना शुभांगी पुढे झाली. कॅप्टन तिच्या बाजूने चालत होता, मी मागून. पडवीत आल्यावर मीच म्हटलं, चूक माझी आहे, त्याची नाही, त्याला सावर्ड्याला पाठवू नकोस. हवं तर मी पुढची सुट्टी सगळी त्याला नीट शिकवण्यात घालवतो.

ती कॅप्टनच्या कानामागे खाजवत होती.

“कॅप्टन कुठे जात नाय,” ती म्हणाली. “तो हुशारच आहे. तुम्ही शिकवलंत तेवढं सगळं शिकलाय बिचारा. आता शिकवणारा सोमवारी जहाजावर चाललाय म्हटल्यावर मला कसली काळजी?”

मी गेलो जहाजावर. आणि ऐका, तिने खरंच त्याला सुधारलं. चपलांमधून चालत जातो, वास घेत नाही, चेंडू आणतो, दाराशी बसून तिची वाट बघतो. मध्ये एकदा बंदरात नेट मिळालं तसा व्हिडिओ कॉल लावला. कॅप्टन तिच्या पायाशी बसला होता, केवढा मोठा झालेला! मला राहवलं नाही. म्हटलं, “छान रे बाळा!”

त्याने कान टवकारले, उठला, पडद्यावरून नाहीसा झाला. थोड्या वेळाने आला आणि फोनसमोर माईंची चप्पल ठेवून, पाठ ताठ करून बसला.

तेव्हापासून माझा फोन आला की शुभांगी आधी दार लावून घेते, मग उचलते.