मुत्तम्माची प्रत

मैथिली, जरा जवळ ये आणि आधी माझी बोलणी खा. तू तिकडे अण्णानगरात, मी इथे मैलापुरात, म्हणून लिहूनच रागावते. परवा प्रदर्शनातून मला एक फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘आजी, खरी कला कशाला म्हणतात ते आज कळलं.’ फोटोत मासे सुकवणारी बाई. फोटोखालच्या पाटीवर लिहिलेलं, ‘अनामिका, एन्नोर. छायाचित्रकार अज्ञात.’ अगं, तुझ्या शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो त्याच अज्ञात माणसाने काढला होता. तू त्याच्या स्टुलावर बसून रडलीस, आणि त्याने आधी तुझं नाव विचारलं, मग तुझ्या बाहुलीचं.

नाव विचारल्याशिवाय ते कॅमेऱ्याचं झाकण काढतच नसत. आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांना इथे सगळे रायर म्हणतात, आणि त्यांचा टी. नगरात साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत स्टुडिओ, म्हणून ते फोटो रायर. नाव विचारायचं, झाकण शर्टाच्या खिशात टाकायचं, मग बघायचं. एकदा एका नवऱ्यामुलाने घाई केली, “सार, नाव कशाला, फोटो काढा.” रायर म्हणाले, “नाव नसलेल्या माणसाचा फोटो मी काढत नाही. समोर फर्निचरचं दुकान आहे, तिथे जाऊन उभा राहा.”

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं काम केलं. शाळा आठवीत सुटलेली, फोटोतलं ओ की ठो माहीत नव्हतं. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की कागदावर पांढरा ठिपका उमटतो. तो बारीक ब्रशाने, करड्या रंगाने भरायचा, एवढं माझं काम. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, “अक्का, ठिपका भरा, माणूस भरू नका. देवीचे वण, सुरकुत्या तशाच राहू देत. ते धुळीने केलेले नाहीत.” मी एकदा एका म्हाताऱ्याच्या गालावरचा तीळ धूळ समजून पुसला. त्यांनी तो फोटो माझ्यासमोर फाडला आणि पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेले. आता कळतं, बरोबर केलं.

दर रविवारी ते गाडीने शहराच्या टोकाला, समुद्रकाठच्या एन्नोरला जायचे. तिथली धुरांडी, खाडी, राख पडलेली वाळू, आणि त्यात राहणारी माणसं. पुढच्या रविवारी मात्र हातात कॅमेरा नसायचा, पिशवी असायची. ज्याचा फोटो, त्याला पहिली प्रत. मागे पेन्सिलीने त्याचं नाव आणि घर कुठे ते लिहिलेलं. ही त्यांची पद्धत, यात कधी खाडा नाही. मी एकदा विचारलं, “अण्णा, तुमची सही का नाही करत?” म्हणाले, “पोस्टमन पाकिटावर स्वतःचं नाव लिहितो का?”

एका रविवारी मीही बरोबर गेले, तेव्हा ती मासे सुकवणारी मुत्तम्मा मला तिथे भेटली. फोटो हातात घेऊन म्हणाली, “ऐया, मागचं धुरांडं माझ्यापेक्षा उंच आलंय. माझा फोटो काढलात का त्याचा?” रायर म्हणाले, “तू रागाने बघत होतीस ना त्याच्याकडे, म्हणून दोघांचा काढला.” ती हसली, फोटो देवांच्या तसबिरींशेजारी लावला. त्या वर्षी झोपडीत पाणी शिरलं, फोटो गेला. रायरांनी दुसरा छापून दिला. पुढे तोही भिजला. तिने निरोप पाठवला, रायरांनी तिसरा छापला. मी त्याचे ठिपके भरले. तो पोचवायच्या आधीच रायर अंथरुणाला खिळले.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. एका मोठ्या गॅलरीच्या बाई स्टुडिओत आल्या होत्या. एन्नोरचे फोटो बघून म्हणाल्या, “ही ललितकला आहे, सर. पण एका फोटोच्या पाचच प्रती काढायच्या, त्यावर सही करायची आणि निगेटिव्ह नष्ट करायची. प्रती मोजक्या नसल्या तर तो नुसता फोटो राहतो.” रायर शांतपणे म्हणाले, “पाचवी प्रत तुम्ही नेलीत आणि मुत्तम्माची भिजली, तर तिला काय सांगू? कला संपली म्हणून?” बाई म्हणाल्या, त्या कोण? रायर म्हणाले, “ज्यांच्याकडे तुम्ही अर्धा तास बघताय, त्या.” मग मला म्हणाले, “अक्का, यांना कॉफी द्या,” आणि आत जाऊन एका माणसाचा पासपोर्टचा फोटो काढायला लागले. त्या माणसाची हनुवटी सरळ करण्यात त्यांनी जेवढा वेळ घातला, तेवढा त्या बाईंना दिला नाही.

जग सोडून जाताना रायरांनी सामान माझ्याकडे ठेवलं. निगेटिव्हचा डबा, छापायचं यंत्र, आणि पोचवायच्या राहिलेल्या फोटोंचं पिवळं खोकं. “कोणाची प्रत भिजली तर छापून द्या,” एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं, पण खोक्यातले फोटो पोचवायचे माझ्याकडून राहूनच गेले. आणि मग मी काय केलं ते ऐक, कारण खरा राग मला माझाच आलाय.

गेल्या वर्षी एक गृहस्थ घरी आले. मूळ पुण्याचे. दारातच म्हणाले, “मावशी, रायरांचं काम बघायला आलोय.” मैथिली, या गावात माझ्याशी मराठी बोलणारं कोण उरलंय? तूसुद्धा दोन वाक्यांनंतर इंग्रजीवर जातेस. आणि हा माणूस इतकं स्वच्छ मराठी बोलला, आमच्या तंजावरी बोलण्याला गोड म्हणाला, की मी विरघळले. अडई खाऊ घातली. त्यांनी खोकं बघायला मागितलं, नेऊन बघतो म्हणाले, मी हातात ठेवलं. कोणी तमिळमध्ये मागितलं असतं तर चार प्रश्न विचारले असते.

तुझा निरोप आला तशी मी रिक्षा करून प्रदर्शनात गेले. एवढासा फोटो, भोवती हातभर पांढरी जागा, वर दिवा. डाव्या कोपऱ्यातला ठिपका मी भरलेला, माझा ब्रश मला कळतो. ती मुत्तम्माची तिसरी प्रत होती.

प्रदर्शन भरवणारे तेच पुण्याचे गृहस्थ आले. मी विचारलं, “मागे नाव होतं, ते काय केलंत?”

“मावशी, रायरांची सही कुठे नव्हती, म्हणून ते अज्ञात. आणि बाईचं नाव मुद्दाम दिलं नाही. नाव आलं की तो एका बाईचा फोटो होतो. नाव काढलं की सगळ्यांचा होतो. तिथून कला सुरू होते.”

“तुमचं नाव दारात एवढं मोठं आहे. ते काढून बघा, काय सुरू होतं ते.”

ते ओशाळून हसले. म्हणाले, “ही एकमेव प्रत आहे, मावशी. दुसरी अस्तित्वात नाही. म्हणून तर तिचं महत्त्व.”

दुसरी नाही, कारण पहिल्या दोन्ही पाण्यात गेल्या. बाईच्या घरात पाणी शिरतं, आणि त्याने यांच्या भिंतीवरच्या फोटोचं महत्त्व वाढतं. आणि ती बाई मेलेली नाही, रविवारी गेलं तर तिथेच मासे पसरताना भेटेल. ते दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले. मी पिशवीतली पेन्सिल काढली आणि पाटीवर तमिळमध्ये लिहिलं, मुत्तम्मा. खाली, फोटो, रायर. तिथला रखवालदार जवळ आला, वाचलं. म्हणाला, “आजी, लिहून झालं का? मग मी काही बघितलं नाही.”

त्या सगळ्या जागेत तो एकटा नाव वाचायला थांबला.

आता ऐक. निगेटिव्हचा डबा मी त्या गृहस्थांना दिला नव्हता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुत्तम्माची निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे, यंत्र चादरीखाली आहे, रसायनं स्टुडिओच्या गल्लीतल्या जुन्या दुकानदाराने शोधून दिलीत. न्हाणीघराची खिडकी मी काळ्या कापडाने बंद केलीय. फक्त माझे हात कापतात, कागद द्रावणात नीट बुडत नाही, एका कोपऱ्यात डाग राहतो. असा फोटो रायरांनी फाडला असता. मला तुझे दोन हात हवेत. काय करायचं ते मी सांगते. चौथी प्रत काढू, वाळवू, मागे नाव लिहू, आणि गाडीने एन्नोरला नेऊन देऊ. या शनिवारीच ये, राहायलाच ये.