बाबांची सरळ सही

बाबा रांझीच्या कारखान्यात मोजमापं तपासायचे. जे यंत्र आकडा दाखवील त्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. यकृत कडक होऊन पोटात पाणी साठू लागलं, तेव्हाही त्यांनी वही ठेवलीच: रोज सकाळी वजन, पोटाचा घेर, ताप. डॉक्टरांनी त्यात एकच भर घातली, रोज एक सही. यकृत थकलं की मेंदूवर धुकं येतं आणि ते कधीकधी आधी अक्षरात दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या आठवड्यात बाबांचं पोट दुखत होतं, जेवण जात नव्हतं. मी दवाखान्याचं नाव काढलं की थर्मामीटर पुढे यायचा. "ताप आहे का? नाही न? मग काहून घाबरून राहिली?" आई निश्चिंत झाली. मीही.

चौथ्या दिवशी सही ओळ सोडून खाली घसरली. मी मागची पानं उलटली. तीन दिवस ती थोडी थोडी कलत आली होती आणि आम्ही नुसता तापाचा रकाना वाचत होतो.

वही घेऊनच रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. पाण्यात जंतुसंसर्ग निघाला. "दीदी, ऐसे मरीज में बुखार का इंतजार नहीं करते," ते म्हणाले. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं.

दोन दिवस बाबा मला आपली धाकटी बहीण समजत होते. तिसऱ्या सकाळी मी भीत भीत वही पुढे केली. त्यांनी चष्मा मागितला, पेन धरलं आणि सही केली. सरळ! खालची रेघ, रेघेखालची दोन टिंबं, सगळं जागच्या जागी. एरवी पाय न वाजवता चालणारी मी, ती वही घेऊन धावत सुटले. आईला दाखवली, सिस्टरला दाखवली, जिन्यावरच्या चहावाल्या भैयालाही दाखवली!

परतले तर बाबा हसत होते. "अच्छा, परीक्षेत पहिली आली का तू? ताप लिहिला का?"

"लिहिला," मी म्हटलं.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तिलवाऱ्याच्या घाटावर अस्थी नदीत सोडल्या. वहीचं शेवटचं पान मी अजून पाहिलेलं नाही. त्या तिसऱ्या सकाळचं पान मात्र रोज उघडते. सही सरळ आहे. तापाचा रकाना कोराच.