अमरावतीस जाताना ओळख हवी

पुण्याहून येऊन अकोल्यास बैलगाडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ फराळाचा डबा आणि ‘परमुलखातून आलेल्या निराधार स्त्रियांस आश्रय’ या विषयावरचे बावीस पानी व्याख्यान होते. अमरावतीची मंडळी म्हणे ते ऐकायला आतुर होती. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून वऱ्हाडात कशाची वाण राहिली नव्हती, सभांची तर नाहीच.

गाडीच्या मागच्या टोकाला गया नावाची बाई मूल घेऊन बसली होती. नवरा वारला, निजामाच्या मोगलाईत खायला नाही, म्हणून कामाला निघालेली. मी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. माझा अभ्यास कागदावरचा.

दुसऱ्या दिवशी चाकाचा आस मोडून गाडी माळावर बसली. माझा डबा केव्हाच रिकामा झाला होता. गयाने अर्धी भाकरी पुढे केली.

“खावा दादा. हितं कोण बघतंय?”

खाल्ली. परजातीच्या हातचे खाणे ही पुण्यात सांगण्याजोगी गोष्ट नव्हती, पण ठेचा झकास होता.

अमरावतीच्या कापूसबाजारात बायांच्या रांगा रेचे (सरकी काढायचे लाकडी यंत्र) फिरवत होत्या. तिथली रीत अशी की कुणी ओळख दिल्याशिवाय नव्या बाईला रांगेत बसवत नाहीत. गयाने माझ्याकडे पाहिले. मुकादमानेही.

“तुमी ओयखता का इले?”

शेजारी मला उतरवून घ्यायला आलेले माझे यजमान उभे. ओळख निघाली की भाकरीही निघेल. मी म्हणालो, “नाही.”

गया मूल उचलून निघाली. तेवढ्यात भाजीच्या पाटीमागून एक माळीण कडाडली, “काहून हाकलून राहिला रे? माही भाची हाये ते!”

तिने गयाला जन्मात पाहिले नव्हते. तरी रांगेतल्या बाया सरकल्या, एकीने मूल मांडीवर घेतले. “मलेबी मावशीनं असंच भाची केलं होतं,” ती म्हणाली.

संध्याकाळी व्याख्यान फार रंगले. शेवटी आश्रय कोणत्या तत्त्वावर द्यावा हे ठरवायला एक समिती नेमली गेली, आणि सर्वांनी पानसुपारी घेतली.

आठवड्याने परत निघालो, तर यजमान घरी दुपारचे झोपलेले आणि कापसाच्या गाड्यांना चोरांची धास्ती. गाडीवान म्हणाला, “अनोयखी मानूस आमी घेत नाही. कोनाचे तुमी?”

मी सगळ्या बाजारात ओळखीचा चेहरा शोधू लागलो. रेच्यावरून गया उठून आली.

“माझे दादा हायत. न्या त्यांला.” तिने फडक्यात बांधलेली भाकरीही हातात ठेवली.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाकरी गाडीवानासमोरच खाल्ली. अकोल्यापर्यंत तो मला ‘गयाबाईचे भाऊ’ म्हणत होता, आणि मी ओ देत होतो.