हॉटेलचे पाहुणे आमच्या गणपतीला

पर्यटनासारख्या विषयावर मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शहरात पर्यटक वाढले की पैसा खालपर्यंत झिरपतो, असं वर्गात शिकवलं. ते खरं असावं असं मला फार वाटायचं, कारण आई अंधेरीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात खोल्या आवरायला जायची. कंत्राटदारामार्फत. हॉटेलची नवी इमारत उभी राहिली, खोल्या वाढल्या, पण आई अजून पर्मनंट होण्याची वाटच बघत होती.

गेल्या गणपतीत सुपरवायझर तिला म्हणाला, "मावशी, फॉरेनच्या गेस्टना घरचा गणपती बघायचाय. तुमच्याकडे आणू ना? तुमच्या पर्मनंटचं मी वर बोललोय."

आई लगेच हो म्हणाली. पाहुण्याला नको म्हणायची आमच्यात रीतच नाही.

शेजारची काकू दारातून ओरडली, "काय गं, गणपतीला तिकीट लावणार आता?"

"गप गो! पावणे इले की वाढूचा, इतक्याच माका कळता," आई म्हणाली.

ते आले. त्याआधी सुपरवायझरने दारातली पाण्याची पिंपं हलवायला लावली, टीव्हीवर चादर टाकायला लावली. आईने पहाटे उठून केलेले मोदक आमच्याआधी त्यांना वाढले. त्यांच्यातल्या बाईची नारळ आणि खण देऊन ओटी भरली. त्या बाईने अर्धा मोदक कागदी रुमालात गुंडाळून गणपतीसमोरच ठेवला आणि बाटलीतलं सॅनिटायझर हातांना चोळलं. तिला मी दोष देत नाही, तिला काय माहीत? पण सुपरवायझर इंग्रजीत तिला सांगत होता की, "ही माणसं अशीच राहतात, थोडक्यात खूश असतात, यांना जास्त काही लागत नाही." आईला इंग्रजी येत नाही. ती हसून मान डोलावत होती. मला सगळं कळत होतं. मला त्याच्या बोलण्याची इतकी किळस आली की त्या दिवशी मी मोदकाला हात लावला नाही.

या भेटीचे हॉटेलने पाहुण्यांकडून वेगळे पैसे घेतले होते, हे मागाहून कळलं. आई म्हणाली, "घेऊंदेत. माझा काम झाला म्हणजे झाला."

दिवाळीनंतर तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईचा फोन आला. कंत्राटदार बदलला होता, आणि नव्या कंत्राटदाराने चाळिशीपुढच्या बायका घेतल्याच नव्हत्या, आईलाही नाही. तिनेच सांगितलं, आईसाठी वर कोणी कधी बोललंच नव्हतं.