हन्नाबाईंचं ताट

पोस्टकार्ड सांगलीहून आलं, तेव्हा मी परातीत पीठ मळत होते. सासूबाईंना अक्षर येत नाही, म्हणून मीच ओले हात पदराला पुसून वाचलं. हन्नाबाईंच्या भावाचं, दाविदचं होतं. ताप डोक्यात गेला, चौथ्या दिवशी सगळं संपलं, एवढंच. सासूबाई भिंतीला टेकून रडल्या. मला रडू आलं नाही. मी परातीतल्या पिठाकडे बघत राहिले… ते गव्हाचं होतं.

आता पाच-सहा आठवडे झाले. खरं सांगायचं तर हन्नाबाईंचा मी पाच वर्षं हेवा केला, आणि तो मनातून अजून पुरता गेलेला नाही.

महायुद्ध ऐन भरात होतं, आमचे हे फौजेत, आणि मलकापूरच्या घरात सासूबाई आणि मी दोघीच. मुलींच्या शाळेत नवीन मास्तरीण आल्या आणि आमच्या सोप्यालगतच्या खोलीत राहायला आल्या. पातळ, कुंकू, बोलणं, सगळं आमच्यासारखंच, धर्म तेवढा यहुदी. आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा, असं त्या सांगत. त्यांचीही चूल शनिवारी पेटत नसे. आमच्याकडचं मटण त्यांना चालत नसे, म्हणून रविवारी दुपारी सासूबाई त्यांना आमच्याकडे शाकाहारी जेवायला बसवत. ताट आणि तवा त्यांचा, रांधणं माझं.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. वाढून झालं, तर बाई हात धुऊन गप्प बसून राहिल्या. मी विचारलं, मीठ हवं का? नुसती मान हलवली, पोळी दोन्ही हातांत धरली, हिब्रूत काही पुटपुटल्या, तुकडा मोडून मिठाला लावून खाल्ला, आणि मग हसून म्हणाल्या, "मीठ आहे गं. हात धुतल्यापासून पहिला घास पोटात जाईपर्यंत आम्ही बोलत नाही." तुकडा त्या असा चावत होत्या, की जणू जन्मात पहिल्यांदाच पोळी मिळाली आहे. सासूबाई बघतच राहिल्या. मी विचारलं, काय म्हणालात? तर म्हणे, जमिनीतून भाकर काढणाऱ्या देवाचे आभार.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहाटे उठून जात्यावर दळलं मी, धुरात डोळे चोळत लाटलं मी, आणि आभार देवाचे. या घरात लग्न होऊन येऊन सात वर्षं झाली होती. माझ्या हातच्या भाकरीला बरं किंवा वाईट कोणी म्हटलं नव्हतं. ताटं यायची, रिकामी व्हायची. पहिल्यांदाच कोणी माझ्या पोळीकडे डोळे भरून पाहिलं, आणि ते सगळं तिसऱ्याच्याच पदरात गेलं. देवाचा हेवा करणारी बाई मी एकटीच असेन.

त्यात सासूबाईंना नवा छंद लागला. प्रत्येक जिनसेला शब्द वेगळे असतात हे कळल्यावर त्या दर रविवारी काहीतरी पुढे करायच्या. पेरूला झाडाच्या फळाचे, भुईमुगाच्या शेंगेला जमिनीच्या पिकाचे. एकदा केळं दिलं. हन्नाबाईंनी जमिनीचे शब्द म्हटले. मी लगेच पकडलं, "आवं बाई, केळ झाडावर लागतं की." तर म्हणाल्या, "केळीचं खोड घड दिला की मरतं साळू. दरसाल टिकून जे पुन्हा फळतं, ते आमच्यात झाड."

"बराबर हाय," सासूबाई म्हणाल्या. "केळ म्हंजी झाड न्हवंच. बघ साळे, मास्तरीणबाई शेतकऱ्याच्या वर हायती. न्हाईतर तू. घास कवा गिळलास ते तुला ठावं नसतंय."

खरंच नसायचं ठाऊक. उभ्या उभ्या जेवणारीला कसं असणार? पण ते शब्द मला लय लागले. फौजेतून यांचं पत्र यायचं, त्यातही शेवटी 'मास्तरीणबाईंना नमस्कार' असायचाच. माझ्यासाठी खुशालीची एक ओळ.

पोळीच्या जेवणानंतर त्यांचं लांबलचक म्हणणं असे. ताटात पोळीचा एक तुकडा मुद्दाम उरवायचा, मांडीवर पुस्तक उघडं ठेवायचं, डोळे मिटायचे आणि पाच-सात मिनिटं पुटपुटत बसायचं. मला ते सोसत नसे. मी ताट उचलायला जायची. त्या मध्येच बोलू शकत नसत, म्हणून तुकड्यावर तळहात ठेवायच्या आणि दुसऱ्या हातानं मला खुणवायच्या, बस. मला वाटायचं, शाळेतल्या पोरींना दटावतात तशाच मला दटावतात. मी मुद्दाम उठून भांडी आदळत परसात जायची. एकदाही शेवटपर्यंत बसले नाही.

पुढे मला एक युक्ती सापडली. ज्वारीच्या भाकरीला त्यांचे शब्द वेगळे आणि थोडके होते, जेवणानंतरचं ते लांब म्हणणं तर फक्त गव्हासारख्या धान्यालाच. मग मी रविवारीही भाकरीच थापू लागले. रेशनचे दिवस, गहू मिळत नाही म्हटलं की कोण काय बोलणार? हन्नाबाई ती भाकरीही तितक्याच सावकाश खायच्या.

मग त्यांना सांगलीच्या शाळेत जागा मिळाली. जाताना ताट आणि तवा इथेच ठेवला. "येईन तेव्हा लागेल," म्हणाल्या. गेल्या उन्हाळ्यात आल्या त्या शेवटच्या. वाळल्या होत्या. चुलीपाशी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "साळू, आज पोळी करशील का गं? एकच."

"गहू सपलाय बाई," मी म्हणाले.

माझ्या पाठीशी डबा होता. भरलेला.

"असू दे," त्या म्हणाल्या. भाकरी खाल्ली, चार शब्द पुटपुटल्या, उठल्या.

पोस्टकार्डानंतर आठवड्याभरानं दाविद आले, बहिणीच्या वस्तू न्यायला. चाळिशीचे, अबोल. मी त्यांना हन्नाबाईंच्या ताटात पोळी वाढली. त्यांनीही तुकडा ठेवला आणि झोळीतून हन्नाबाईंचं ते जुनं, मराठी अर्थ असलेलं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. या वेळी मी उठले नाही. एका ठिकाणी ते अडखळले, बोट ठेवून थांबले, मग पुढे म्हणून संपवलं आणि विचारलं, "वहिनी, साळू कोण?"

"मी."

"इथं पाहुण्यानं जेवू घालणाऱ्या घराला आशीर्वाद द्यायचा असतो. घरच्या मालकाला, घरच्या मालकिणीला. आई नेहमी नाव घालून म्हणायची, हन्नाही तसंच. हे बघा."

समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. साळू. अक्षर पुसट झालेलं, त्यावरून पुन्हा गिरवलेलं, पुन्हा पुसट. किती रविवार गिरवलं असेल… आणि पुढचे सगळे रविवार मी तिच्याकडून काढून घेतले, भाकरी थापून. तिनं पोळी मागितली ती स्वतःसाठी नव्हती.

दाविदना मी सगळं दिलं. ताट मागून ठेवून घेतलं. आता रविवारी त्यात पोळी वाढते आणि एक तुकडा उरवते. ते शब्द मला येत नाहीत. सासूबाई म्हणतात, "आगं उचल की, कवाची बसलीस." मी बसून राहते. पोळीच्या त्या रविवारी माझं नाव याच घरात घेतलं जात होतं आणि ते त्या देवानं सगळं ऐकलं, मी नाही. त्याचा हेवा मला अजून वाटतो.